क्रिस्टलोग्राफीत करिअर करायचंय? एमएस्सीपासून प्रोफेसर होईपर्यंतचा रस्ता

ऑरगॅनिक केमिस्ट्रीत करिअर कसं करायचं हे सांगणारे शंभर जण भेटतात, पण क्रिस्टलोग्राफीत, म्हणजे क्रिस्टलमध्ये अणू नेमके कसे मांडलेले आहेत (त्याचं स्ट्रक्चर) हे एक्स-रेने शोधायच्या शास्त्रात, जायचं तर नेमकं काय करायचं हे सांगणारं फारसं कोणी भेटत नाही, कारण बऱ्याच कॉलेजांत हा विषय सॉलिड स्टेटच्या युनिटमध्ये दोन-तीन लेक्चरमध्ये उरकला जातो आणि परीक्षेत ब्रॅगच्या नियमावर एक गणित आलं की संपलं. म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय. महाराष्ट्र-गोव्यातले विद्यार्थी डोळ्यासमोर ठेवलेत आणि टप्पे ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने घेतलेत.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे. आज मशीन चांगलं असेल आणि क्रिस्टल चांगला असेल तर साध्या मॉलिक्यूलचं स्ट्रक्चर कॉम्प्युटर जेवणाच्या सुट्टीत सोडवून देतो. त्यामुळे नुसतं स्ट्रक्चर सोडवता येतं एवढ्यावर आता करिअर उभं राहत नाही. ते उभं राहतं दोन गोष्टींवर: तुमचा स्वतःचा केमिस्ट्रीचा प्रश्न कुठला, आणि समोरचं स्ट्रक्चर चुकलेलं असेल तर ते तुम्हाला ओळखता येतं का.

आधी विषय काय आहे ते बघा

१९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउएच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग या दोघांनी एका क्रिस्टलवर एक्स-रे सोडले आणि फोटोप्लेटवर ठिपके उमटले. तो पहिला क्रिस्टल कशाचा होता माहितीये? मोरचुदाचा. आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणात जातो तोच. पुढच्याच वर्षी ब्रॅग बापलेकांनी मिठाचं स्ट्रक्चर काढलं आणि कळलं की मिठात सोडियम क्लोराइडचा सुटा मॉलिक्यूल नसतोच, प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, असं ते चहूबाजूंनी चालूच राहतं. लॉरेन्स ब्रॅगला १९१५ चं नोबेल मिळालं तेव्हा त्याचं वय फक्त २५ होतं.

काम काय असतं तर एक्स-रे अणूंमधल्या इलेक्ट्रॉन्सवरून विखुरतात, आपण प्रत्येक ठिपक्याची जागा आणि तीव्रता मोजतो आणि त्यावरून इलेक्ट्रॉन कुठे दाट आहेत याचा नकाशा बनवतो. अडचण अशी की मोजताना लहरींची फेज (कुठली लहर दुसरीच्या किती पुढे-मागे आहे ते) हरवते आणि फेजशिवाय नकाशा बनत नाही. या फेज प्रॉब्लेमवर केदारेश्वर बॅनर्जींनी १९३३ मध्येच महत्त्वाचं काम केलं होतं, आणि पुढे अशाच गणिती मार्गाने डायरेक्ट मेथड्स उभ्या करणाऱ्या हाउप्टमन आणि कार्ल यांना १९८५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन यांनी कोलॅजेनची तिहेरी वेटोळी रचना मांडली आणि १९६३ चा रामचंद्रन प्लॉट तर आजही जगातल्या प्रत्येक प्रोटीन स्ट्रक्चरची तपासणी करायला वापरतात. ब्रिटिश क्रिस्टलोग्राफर डोरोथी हॉजकिन यांच्या इन्सुलिनच्या टीममध्ये एम. विजयन होते, त्यांनी पुढे बेंगळुरूच्या आयआयएस्सीत प्रोटीन क्रिस्टलोग्राफी रुजवली. हे मुद्दाम सांगतेय कारण आपल्या मुलांना उगाच वाटतं की हा विषय परदेशातच चालतो.

बीएस्सी-एमएस्सीत काय करायचं

सिमेट्री. सगळ्यात आधी सिमेट्री. ७ क्रिस्टल सिस्टिम, १४ ब्रॅव्हे लॅटिस, ३२ पॉइंट ग्रुप, २३० स्पेस ग्रुप हे आकडे पाठ करून काही होत नाही, एक स्पेस ग्रुप (क्रिस्टलमधल्या सगळ्या सिमेट्रींचा एक संच) नीट समजला तर बाकीचे हळूहळू समजतात. पी टू-वन बाय सी हा घ्या, कारण ऑरगॅनिक क्रिस्टल्सपैकी साधारण एक तृतीयांश याच एका ग्रुपमध्ये बसतात. कागदावर स्वल्पविरामासारखी आकृती काढा, तिला स्क्रू अॅक्सिसने फिरवून सरकवा, ग्लाइड प्लेनमधून उलटवा, सेंटर ऑफ इन्व्हर्जन कुठे येतं ते शोधा. दोन संध्याकाळी जातील पण नंतर आयुष्यभर पुरेल. फूरियर सिरीज म्हणजे काय हेही गणिताच्या कुणातरी शिक्षकांकडून समजून घ्या, कारण केमिस्ट्रीच्या पोरांना गणिताची भीती असते आणि या विषयात ती भीती ठेवून चालत नाही.

मग क्रिस्टल स्ट्रक्चर बघायचं मर्क्युरी हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या, त्याची साधी आवृत्ती फुकट आहे. केंब्रिजचा स्ट्रक्चरल डेटाबेस १९६५ पासून चालू आहे, २०१९ मध्ये तिथे दहा लाख स्ट्रक्चर्स झाली, आणि त्यातलं एकेक स्ट्रक्चर फुकटात बघता येतं. पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन, फेरोसीन अशी ओळखीची नावं शोधा, फाइल उघडा, मॉलिक्यूल फिरवा, मग पॅकिंग बघा, हायड्रोजन बॉण्ड कोण कुणाशी करतंय ते बघा. रोज एक केलंत तरी वर्षभरात तुमची नजर अशी तयार होते की नुसतं चित्र बघून बॉण्डची लांबी खटकायला लागते.

हाताची सवयही आत्ताच लावा. तुरटी किंवा मोरचूद गरम पाण्यात विरघळवा, गाळा, दोऱ्याला छोटा दाणा बांधून सोडा आणि न हलवता ठेवून द्या. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका आणि घरात लहान मूल असेल तर फक्त तुरटीच करा. तुरटीचे आठ बाजूंचे सुंदर क्रिस्टल येतात. घाई केली की बारीक चुरा आणि संथ ठेवलं की मोठा स्वच्छ क्रिस्टल, हा धडा पुढे पीएचडीत रोज उपयोगी पडतो.

बीएस्सीनंतर आयआयटी जॅम देऊन आयआयटीत एमएस्सीला किंवा आयआयएस्सी-आयसरसारख्या ठिकाणी इंटिग्रेटेड पीएचडीला जाता येतं. पण विद्यापीठातून किंवा तालुक्याच्या कॉलेजातून एमएस्सी केली म्हणून दार बंद होत नाही, फक्त एमएस्सीच्या उन्हाळ्यात कुठेतरी चांगल्या लॅबमध्ये सहा-आठ आठवडे प्रोजेक्ट मिळवा. पुण्यात एनसीएल आणि आयसर आहे, मुंबईत आयआयटी, टीआयएफआर, बीएआरसी आहे. प्रोफेसरांना ईमेल करताना 'रिस्पेक्टेड सर, आय अॅम इंटरेस्टेड इन युवर रिसर्च' एवढंच पाठवू नका, त्यांच्या एका पेपरातलं एक स्ट्रक्चर उघडून बघा आणि त्यावर एक खरा प्रश्न विचारा. अशा ईमेलला उत्तर येण्याची शक्यता खूप जास्त असते.

नेट, सेट, गेट

यावर भरपूर माहिती आधीच उपलब्ध आहे म्हणून थोडक्यात. सीएसआयआर-यूजीसी नेटचा केमिकल सायन्सचा पेपर २०० मार्कांचा, तीन तासांचा, त्यातले १०० मार्क पार्ट सीला, आणि सगळ्याच पार्टमध्ये चुकीच्या उत्तराला मार्क कापतात त्यामुळे अंदाजपंचे सोडवू नका. नेटमधून जेआरएफ (पीएचडीसाठीची फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडे, दोन वर्षांनी एसआरएफ झाल्यावर ४२,००० (हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत). जेआरएफ असली की गाईड निवडताना तुमची बाजू भक्कम होते, म्हणून तिच्यासाठी जीव तोडून अभ्यास करायला हरकत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठ घेतं, तिच्यात मार्क कापत नाहीत पण फेलोशिपही मिळत नाही, ती नोकरीसाठीची पात्रता आहे. गेटवरही बऱ्याच ठिकाणी पीएचडीला प्रवेश मिळतो. आणि जेआरएफ नाही झाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, आपल्या प्रवर्गाप्रमाणे अर्ज करा, कागदपत्रं आधीच तयार ठेवा कारण जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअरसाठी ऐनवेळी धावपळ होते.

गाईड निवडणं

इथे वेळ घ्या. गावाजवळ आहे, ओळखीचं आहे, लवकर पीएचडी होते म्हणे, या कारणांवर पाच-सहा वर्षं देऊ नका.

लॅब बघायला जा आणि तिथल्या मुलांशी गाईड नसताना बोला. विचारा की डिफ्रॅक्टोमीटर (क्रिस्टलवर एक्स-रे सोडून डेटा घेणारं मशीन) कोण चालवतं? काही ठिकाणी विद्यार्थ्याने फक्त बाटली नेऊन द्यायची, ऑपरेटरने डेटा घ्यायचा, आणि दुसऱ्याच कुणीतरी स्ट्रक्चर सोडवून फाइल पाठवायची अशी पद्धत असते. तिथे पाच वर्षं काढून तुमच्याकडे शंभर स्ट्रक्चर्स असतील पण एकही स्वतः केलेलं नसेल. दुसरं विचारा की मागच्या दोन-तीन विद्यार्थ्यांनी थिसिस सबमिट करायला किती वर्षं लावली आणि ते आता कुठे आहेत. तिसरं, पहिल्या नावाने पेपर कुणाचे येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या विषयात एक सापळा आहे आणि तो दिसायला फार गोड दिसतो. तुम्हाला मशीन चांगलं जमायला लागलं की आजूबाजूच्या सगळ्या सिंथेसिसच्या लॅब तुमच्याकडे क्रिस्टल घेऊन येतात, तुम्ही स्ट्रक्चर काढून देता, त्यांच्या पेपरात तुमचं नाव मध्ये कुठेतरी सहावं-सातवं येतं, आणि असे साठ-सत्तर पेपर जमतात. यादी लांबलचक होते. मग मुलाखतीला समोरची कमिटी विचारते की यात तुमचा प्रश्न कुठला होता, आणि उत्तर नसतं. दुसऱ्यांना मदत जरूर करा, त्यातूनच हात बसतो आणि खरे सहकारी मिळतात, पण पहिल्या वर्षापासून स्वतःचा असा एक प्रश्न धरून ठेवा.

प्रश्न म्हणजे कसले? औषधांचंच घ्या. रिटोनाविर हे एचआयव्हीचं औषध १९९६ मध्ये बाजारात आलं, आणि १९९८ मध्ये अचानक त्याचा दुसरा क्रिस्टल फॉर्म कॅप्सूलमध्ये तयार व्हायला लागला, जो कमी विरघळायचा, त्यामुळे कॅप्सूल बाजारातून काढून घ्यावी लागली. मॉलिक्यूल तोच, पॅकिंग वेगळं. एकाच औषधाचे किती फॉर्म असू शकतात, कुठला टिकाऊ, को-क्रिस्टल (औषधाचा दुसऱ्या एखाद्या मॉलिक्यूलसोबत एकत्र क्रिस्टल) करून विद्राव्यता वाढवता येते का, हे आजही जिवंत प्रश्न आहेत. आपल्या सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ ला ग्लिव्हेकच्या खटल्यात जो निकाल दिला तोही इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा क्रिस्टल फॉर्मवरच होता, त्यावर पेटंट नाकारलं आणि कॅन्सरचं स्वस्त औषध चालू राहिलं. क्रिस्टलच्या पॅकिंगवर पेशंटच्या खिशाचा हिशोब ठरतो, हे मुलांना सांगितलं की वर्गात एकदम शांतता होते.

दुसरं क्षेत्र मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्कचं (मेटल आणि ऑरगॅनिक मॉलिक्यूल जोडून बनवलेले सच्छिद्र क्रिस्टल), २०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना त्यासाठीच मिळालं. क्रिस्टल इंजिनिअरिंगमध्ये (हवे तसे गुण येतील असं पॅकिंग ठरवून क्रिस्टल बनवणं) तर भारताचं नाव फार मोठं आहे, गौतम देसिराजू हैदराबादला आणि मग आयआयएस्सीत होते, २०११ ते २०१४ आंतरराष्ट्रीय क्रिस्टलोग्राफी संघटनेचे अध्यक्ष होते, आणि त्या संघटनेची २०१७ ची जागतिक परिषद हैदराबादला झाली. चार्ज डेन्सिटी (बॉण्डमधले इलेक्ट्रॉन बारकाईने मोजणं), उच्च दाबाखाली क्रिस्टल, प्रकाश पडल्यावर उड्या मारणारे किंवा वाकणारे क्रिस्टल, असंही बरंच काही आहे. प्रोटीनकडे वळायचं तर बायोकेमिस्ट्री शिकायची तयारी ठेवा.

क्रिस्टल वाढवणं

पीएचडीचा निम्मा वेळ इथे जातो आणि यावर कुणी नीट शिकवत नाही, म्हणून जरा सविस्तर.

कंपाउंड शुद्ध करा, आणि मग पुन्हा एकदा शुद्ध करा. एनएमआर स्वच्छ दिसला म्हणजे झालं असं नाही. सोल्युशन ड्रॉपरमध्ये कापूस किंवा सेलाइट भरून गाळून घ्या, कारण धुळीच्या प्रत्येक कणावर नवा क्रिस्टल वाढायला लागतो आणि एका मोठ्या क्रिस्टलऐवजी हजार सुया मिळतात. सोल्युशन संतृप्त होण्याच्या किंचित अलीकडे ठेवा.

मग एकच पद्धत धरून बसू नका. सहा-आठ छोट्या बाटल्या लावा, प्रत्येकीत वेगळं सॉल्व्हंट. स्लो इव्हॅपोरेशन सगळ्यात सोपं, झाकणाला किंवा पॅराफिल्मला सुईने दोन-तीन भोकं पाडा, इथेनॉल, अॅसिटोन, इथाइल अॅसिटेट यांना चालतं. ईथर फार पटकन उडून जातो, तो यासाठी नको. व्हेपर डिफ्युजन माझं सगळ्यात आवडतं: छोट्या उघड्या बाटलीत कंपाउंड क्लोरोफॉर्ममध्ये, ती बाटली मोठ्या बरणीत, बरणीत तळाला हेक्झेन किंवा ईथर, आणि बरणी घट्ट बंद, बाहेरची वाफ हळूहळू आत शिरते आणि विद्राव्यता कमी करत जाते. लेयरिंगसाठी जुनी एनएमआर ट्यूब उत्तम, खाली जड सॉल्व्हंटमधलं सोल्युशन, वर हलकं सॉल्व्हंट अगदी काचेच्या कडेने थेंब थेंब.

मग हात लावू नका. हे सगळ्यात अवघड असतं. रोज उचलून प्रकाशात धरून बघायची इच्छा होते आणि त्या हलवण्यानेच सगळं बिघडतं. थरथरणाऱ्या रोटा-पंपच्या टेबलावर बाटल्या ठेवू नका, दिवसभर दार उघडझाप होणाऱ्या फ्रिजमध्येही नको. आपल्याकडे पावसाळ्यात हवा ओली असते, पाण्याशी पटकन रिअॅक्ट होणारं कंपाउंड असेल तर जून ते सप्टेंबर ग्लोव्हबॉक्स किंवा श्लेंक ट्यूबशिवाय (हवा आणि ओलावा लागू न देणारी साधनं) प्रयत्नच करू नका. आणि वहीत प्रत्येक बाटलीची नोंद ठेवा, कुठलं सॉल्व्हंट, किती मिलिग्रॅम, किती एमएल, तारीख, कारण क्रिस्टल आला आणि कशातून आला तेच लिहिलेलं नसेल तर दुसऱ्यांदा तो मिळत नाही.

क्रिस्टल आले की बाटली ओतून वाळवू नका! ते मदर लिकरमध्येच (ज्या सोल्युशनमधून ते वाढले त्यातच) राहू द्या. डायक्लोरोमिथेन आत अडकलेले क्रिस्टल बाहेर काढल्यावर काही सेकंदांत पांढरे पडतात. चमच्याने थोडे काढून थेट तेलात टाका, पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली स्टेज फिरवून बघा. चांगला सिंगल क्रिस्टल दर ९० अंशांनी एकदम पूर्ण काळा पडतो. एक भाग आधी आणि दुसरा नंतर काळा पडला तर तो ट्विन (वेगळ्या दिशांनी वाढलेले दोन भाग एकात जुळलेला) आहे किंवा दोन चिकटलेले आहेत, दुसरा शोधा. (क्यूबिक क्रिस्टल सतत काळाच दिसतो, तेव्हा घाबरू नका.) आकार साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर असला की लॅबच्या मशीनला पुरतो. त्याहून फार बारीक येत असतील तर सिंक्रोट्रॉनकडे (फार प्रखर एक्स-रे देणारं मोठं केंद्र) किंवा इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनकडे (एक्स-रेऐवजी इलेक्ट्रॉन वापरून) वळता येतं, २०१८ पासून छोट्या ऑरगॅनिक मॉलिक्यूलसाठी इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शन जोरात चालू झालंय.

डेटा घेणं आणि स्ट्रक्चरवर शंका घेणं

एक्स-रे मॉलिब्डेनम किंवा कॉपरच्या ट्यूबमधून मिळतात: मॉलिब्डेनमची वेव्हलेंग्थ ०.७१०७३ अँगस्ट्रॉम, कॉपरची साधारण १.५४१८. जड मेटल असेल तर बहुतेक वेळा मॉलिब्डेनम, हलकं ऑरगॅनिक असेल, क्रिस्टल छोटा असेल किंवा अॅब्सोल्यूट कॉन्फिगरेशन (मॉलिक्यूल डावा की उजवा) ठरवायचं असेल तर कॉपर. शक्यतो नायट्रोजनच्या थंड झोतात १०० केल्विनला डेटा घ्या, अणूंची थरथर कमी होते. स्ट्रक्चर सोडवायला आणि रिफाइन करायला (डेटाशी नीट जुळवून घ्यायला) शेलड्रिक यांचे शेल-एक्स प्रोग्रॅम जगभर वापरतात, ऑलेक्स-टू सारख्या खिडकीतून ते चालवता येतात. बटण दाबून काम होतं, तरी एकदा तरी इन्स्ट्रक्शन फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ओळ न् ओळ समजून घ्या.

आर फॅक्टर (मॉडेल आणि मोजलेला डेटा यांतला फरक) पाच टक्क्यांच्या आत आला की मुलं खूश होतात. पण कमी आर म्हणजे बरोबर स्ट्रक्चर, असं समीकरण नाही. एक्स-रेला फक्त इलेक्ट्रॉन दिसतात, त्यामुळे कार्बन आणि नायट्रोजन, किंवा कोबाल्ट आणि निकेल, हे पिरिऑडिक टेबलमधले शेजारी फार सारखे दिसतात. १९९० च्या आसपासचं एक प्रकरण प्रत्येकाने वाचावं असं आहे. मॉलिब्डेनमच्या एका ऑक्सो कॉम्प्लेक्सचे निळा आणि हिरवा असे दोन आयसोमर आहेत, फरक फक्त मॉलिब्डेनम-ऑक्सिजन बॉण्डच्या लांबीत, असं बरीच वर्षं मानलं जात होतं, बॉण्ड-स्ट्रेच आयसोमर असं त्याला नावही होतं. पार्किन यांच्या ग्रुपने दाखवलं की हिरवा म्हणजे निळ्या कंपाउंडमध्ये पिवळ्या क्लोराइड कॉम्प्लेक्सची भेसळ आहे! ऑक्सिजनच्या जागी काही ठिकाणी क्लोरीन बसला होता, म्हणून बॉण्ड लांब दिसत होता. निळा अधिक पिवळा, हिरवा. मशीनने काहीच चुकवलं नव्हतं, चूक वाचणाऱ्यांची होती.

म्हणून प्रत्येक स्ट्रक्चरला हे प्रश्न विचारा: एलिप्सॉइड (अणूची थरथर दाखवणारे अंडाकृती) कुठे विचित्र मोठे-छोटे आहेत? बॉण्डची लांबी डेटाबेसमधल्या अशाच बॉण्डशी जुळते का? चार्ज बॅलन्स होतो का, हायड्रोजन सगळे सापडले का? बल्क पावडरचा पॅटर्न या सिंगल क्रिस्टलशी जुळतो का, की तुम्ही बाटलीतला एकच वेगळा दाणा उचललाय? चेकसिफ (स्ट्रक्चरची फाइल आपोआप तपासणारा प्रोग्रॅम) चालवा आणि ए लेव्हलचे, म्हणजे सगळ्यात गंभीर, अलर्ट आले तर कारण शोधा, नुसतं गुळमुळीत उत्तर लिहून पुढे जाऊ नका. २००९-१० मध्ये चीनमधल्या एका विद्यापीठातून आलेली सत्तरच्या आसपास स्ट्रक्चर्स मागे घ्यावी लागली होती, खऱ्या डेटात अणू बदलून नवीन कंपाउंड दाखवली होती, आणि ती अशाच ऑटोमॅटिक तपासण्यांनी पकडली गेली. कच्चा डेटा जपून ठेवा, दोन ठिकाणी.

पोस्टडॉक

थिसिस सबमिट व्हायच्या साधारण वर्षभर आधी शोध सुरू करा. जर्मनीची हुम्बोल्ट, युरोपची मारी क्युरी, जपानची जेएसपीएस या चांगल्या फेलोशिप आहेत, देशात नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे. नियम एकच, पीएचडीत जे केलं तेच पुन्हा करायला जाऊ नका. पीएचडी को-क्रिस्टलवर असेल तर पोस्टडॉकमध्ये इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शन शिका, सॉलिड स्टेट एनएमआर शिका, किंवा क्रिस्टल स्ट्रक्चर प्रेडिक्शन शिका. सिंक्रोट्रॉनचा अनुभव मिळाला तर सोडू नका, इंदूरचा इंडस-२ आपल्या अगदी शेजारी आहे, शिवाय इटलीत त्रिएस्ते आणि जर्मनीत हॅम्बुर्गला भारतीय संशोधकांना बीमटाइम (सिंक्रोट्रॉन वापरायला वेळ) मिळायची सोय झालेली आहे. बीमटाइमचा प्रपोजल लिहायला शिकणं म्हणजे पुढे ग्रँट लिहायची तालीमच. आणि नॅशनल सेमिनार ऑन क्रिस्टलोग्राफीला जात राहा, हे कुटुंब छोटं आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, तुमचं काम लोकांना आधीच माहीत असेल तर मुलाखतीत फरक पडतो.

नोकरी

इथे दोन वेगळे रस्ते आहेत आणि दोन्हींबद्दल स्पष्ट बोलायला हवं.

आयआयटी, आयसर, केंद्रीय संस्था: इथे पीएचडी, पोस्टडॉक, स्वतःच्या नावाचं काम आणि पुढच्या पाच वर्षांचा रिसर्च प्लॅन बघतात. असिस्टंट प्रोफेसर ग्रेड वनचं मूळ वेतन १,०१,५०० पासून. रिसर्च प्लॅनमध्ये 'मी स्ट्रक्चर्स काढेन' असं लिहू नका, मशीन त्यांच्याकडे असतंच. कुठल्या प्रश्नासाठी क्रिस्टल लागतोय ते लिहा.

विद्यापीठ आणि कॉलेज: जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट किंवा सेट ही किमान अट आहे, पीएचडी सक्तीची नाही, पण विद्यापीठाच्या विभागात पीएचडीशिवाय टिकाव लागणं अवघडच. पगाराच्या लेव्हल १० ला मूळ वेतन ५७,७००. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात आपल्या राज्यात अनुदानित जागांची भरती वर्षानुवर्षं अडकते, रोस्टर, एनओसी, मान्यता या चक्रात जाहिरात निघायलाच वेळ लागतो, आणि तोपर्यंत शेकडो नेट-सेट-पीएचडी झालेली माणसं तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवतात, ज्यात पगार तासावर आणि सुट्टीत काहीच नाही. हे अन्यायकारक आहे आणि ते बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे. पण तुम्ही आज निर्णय घेताय तर हे गृहीत धरून घ्या: सीएचबीवर शिकवायचं असेल तर स्वतःला मुदत घालून घ्या, आणि त्या काळात संशोधन पूर्ण थांबू देऊ नका. फार्मा कंपन्यांत सॉलिड फॉर्मचे, पॉलिमॉर्फ (एकाच औषधाचे वेगवेगळे क्रिस्टल फॉर्म) स्क्रीनिंगचे विभाग असतात, तिथे क्रिस्टलोग्राफरला खरी मागणी आहे, आणि तिकडे जाणं म्हणजे हरणं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

नोकरी लागल्यावर

यूजीसीप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं, त्यात प्रॅक्टिकल्स, परीक्षा, नॅकच्या फाइल्स. मशीन तर तुमच्याकडे नसणारच, सिंगल क्रिस्टल डिफ्रॅक्टोमीटरची किंमत कोटींत जाते. म्हणून पहिल्या वर्षी मशीनच्या मागे लागू नका. एक चांगला पोलरायझिंग मायक्रोस्कोप, चांगली बाटल्यांची कपाटं, आणि एक शांत खोली मिळवा. डेटासाठी आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणच्या सुविधा फी भरून वापरता येतात, आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर कुठल्या संस्थेत कुठलं मशीन आहे ते सापडतं. सॅम्पल कुरिअरने पाठवताना क्रिस्टल मदर लिकरमध्येच, बाटली काठोकाठ भरून, म्हणजे प्रवासात हिंदकळून तुटत नाहीत.

ग्रँटसाठी आता एएनआरएफ (संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था) आहे, त्यांची नव्या शिक्षकांसाठीची योजना पहिल्या दोन वर्षांतच बघा, कारण तिथे वयाच्या आणि नोकरीच्या अटी असतात. पुढे कधी स्वतःचं मशीन आलं तर एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) नोंदणी, रेडिएशन सेफ्टी, एसी, यूपीएस आणि वार्षिक देखभालीचे पैसे याचा हिशोब मशीनच्या प्रस्तावातच मांडा. मशीन येतं आणि देखभालीला पैसे नाहीत म्हणून प्लॅस्टिकच्या कव्हरखाली पडून राहतं हे चित्र आपल्याकडे फार ठिकाणी दिसतं.

प्रमोशनचा हिशोब असा: पीएचडी असेल तर ४ वर्षांनी लेव्हल ११, मग ५ वर्षांनी १२, मग ३ वर्षांनी असोसिएट प्रोफेसर आणि आणखी ३ वर्षांनी प्रोफेसर, म्हणजे सगळं वेळेवर झालं तर १५ वर्षं. थेट भरतीत प्रोफेसरला किमान १० वर्षांचा अनुभव आणि १० पेपर लागतात. प्रत्येक सर्टिफिकेट, प्रत्येक ओरिएंटेशन कोर्सचा कागद पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा, प्रमोशनच्या कॅम्पच्या वेळी पंधरा वर्षांपूर्वीचा कागद शोधत बसणारे सीनियर तुम्हाला स्टाफरूममध्ये भेटतीलच.

प्रोफेसर झाल्यावर एक काम बहुतेक जण विसरतात. प्रत्येक लॅबच्या हार्ड डिस्कवर कुठल्याच पेपरात न गेलेली कितीतरी स्ट्रक्चर्स पडलेली असतात: विद्यार्थी सोडून गेला, रिअॅक्शन चालली नाही, अनपेक्षित बायप्रॉडक्ट निघाला. ती केंब्रिजच्या डेटाबेसमध्ये पेपरशिवायही जमा करता येतात, प्रत्येकाला स्वतःचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, ज्याने क्रिस्टल वाढवला त्या विद्यार्थ्याचं नाव लागतं. वर्षातून एकदा, मे महिन्यात परीक्षा संपल्या की, दोन विद्यार्थ्यांना सोबत घेऊन बसा, फाइल्स तपासा आणि जमा करून टाका.